रक्तात सापडलेली पेशी गाठीचीच, हे कशावरून?

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील गोळ्यांविषयी मागील अंकात लिहिताना, 'आता गाठीतील जनुकीय बदल रक्ताच्या नमुन्यातूनही ओळखता येतो,' असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेक पत्रे घरात हा आजार असलेल्यांची होती, की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरवले. उत्तरे देताना मी आण्विक विकृतिशास्त्राच्या, म्हणजे आजाराचा शोध जनुकांच्या पातळीवर घेणाऱ्या, प्रयोगशाळेत काम करणारी डॉक्टर म्हणून बोलते आहे. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रक्ताच्या एका थेंबात लाखो पेशी असतात. त्यांतली एखादी पेशी गाठीतून सुटून आली आहे, हे प्रयोगशाळेत नेमके कसे ओळखतात? (एक शिक्षिका, लातूर)

गाठीतील पेशी रक्तात उतरतात, हे निरीक्षण जुने आहे. ऑस्ट्रेलियातील थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ मध्ये कर्करोगाने मृत्यू झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात, त्याच्या गाठींमधील पेशींशी तंतोतंत जुळणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तशी नोंद केली. पुढचे शतकभर अडचण होती ती संख्येची. एक मिलीलीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी आणि पांढऱ्या पेशी ४० ते ११० लाख असतात. त्यांच्या गर्दीत गाठीच्या पेशी बहुधा एकेरी आकड्यात मोजाव्या इतक्याच असतात, आणि पुष्कळ रुग्णांच्या नमुन्यात एकही मिळत नाही.

आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पेशीच्या 'पेहरावा'वर अवलंबून आहे. स्तन, फुफ्फुस, आतडे, प्रोस्टेट या अवयवांच्या अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावर एपकॅम नावाचे प्रथिन असते, रक्तपेशींवर ते नसते. म्हणून एपकॅमला चिकटणारी प्रतिपिंडे चुंबकीय कणांवर बसवून ते कण रक्तात मिसळतात आणि चुंबकाने पेशी बाजूला ओढून घेतात. त्यानंतर तीन गोष्टी पाहतात : पेशीला केंद्रक आहे का, तिच्यात अस्तर-पेशींचे सायटोकेरॅटिन आहे का, आणि पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण तिच्यावर नाही ना. याच तत्त्वावरील 'सेलसर्च' या तपासणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये, इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. तिच्यात ७.५ मिलीलीटर रक्त घेतात, आणि त्यात ५ किंवा अधिक पेशी सापडल्या तर आजाराची वाटचाल अधिक कठीण राहण्याची शक्यता असते. आपल्याकडे पुण्यात विकसित झालेली 'ऑन्कोडिस्कव्हर' ही तपासणीही एपकॅम आणि चुंबकीय कण यांच्याच आधारे पेशी पकडते.

मात्र विद्यार्थ्यांना शिकवताना आपण एक भेद आवर्जून सांगावा, असे मला वाटते. एपकॅम आणि सायटोकेरॅटिन यांच्यावरून एवढेच कळते की ही पेशी कोणत्यातरी अस्तरातली आहे. ती कर्करोगाची आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय गाठीतून सुटून प्रवासाला निघालेल्या काही पेशी एपकॅम टाकूनच देतात, आणि मग चुंबकाला त्या सापडतच नाहीत. जनुकीय उत्परिवर्तनाचे, म्हणजे डीएनएमध्ये झालेल्या बदलाचे, महत्त्व येथे आहे. पेहराव बदलता येतो, जन्मखूण बदलत नाही. गाठ ज्या उत्परिवर्तनातून वाढीला लागली ते तिच्या वंशातील प्रत्येक पेशीने सोबत नेलेले असते, त्यामुळे रक्तातील पेशीच्या डीएनएमध्ये नेमके तेच उत्परिवर्तन दिसले तर ती कोणत्या घराण्यातली आहे याविषयी फारशी शंका उरत नाही.

हे करून दाखवणारा एक प्रयोग मला आजही महत्त्वाचा वाटतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या २७ रुग्णांच्या रक्तातील पेशी, सूक्ष्म खांब कोरलेल्या एका चकतीवर पकडल्या आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या १२ रुग्णांच्या गाठीतील ईजीएफआर जनुकाचे उत्परिवर्तन आधीच माहीत होते, त्यांच्यापैकी ११ जणांच्या पकडलेल्या पेशींत तेच उत्परिवर्तन सापडले. त्याच रुग्णांच्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, तरंगणाऱ्या मोकळ्या डीएनएमध्ये ते केवळ ४ जणांत दिसले. इतकेच नव्हे, तर काही रुग्णांच्या पेशींत, ईजीएफआर रोखणाऱ्या गोळ्यांना दाद न देणारे टी७९०एम हे नवे उत्परिवर्तनही आढळले.

रुग्णांची संख्या लहान होती, आणि नंतरच्या काळात मोकळा डीएनए वाचण्याची तंत्रे पुष्कळ सुधारली, त्यामुळे रोजच्या वापरात प्लाझ्माच पुढे गेला. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. एका पेशीत डीएनए असतो सुमारे ६.६ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या साडेसहापट. तो वाचण्याआधी लाखो प्रतींत वाढवावा लागतो. वाढवताना जनुकाच्या दोन प्रतींपैकी एखादी हातातून निसटते, आणि नेमकी उत्परिवर्तन असलेली प्रतच निसटली तर पेशी निर्दोष दिसते. उलट बाजूने, वाढवण्याच्या प्रक्रियेतच एखादी चूक घुसून खोटे उत्परिवर्तनही उभे राहू शकते. म्हणून एकाच पेशीच्या साक्षीवर निष्कर्ष काढायचा नाही, दोन-तीन पेशींत तोच बदल दिसला तरच तो खरा धरायचा, अशी शिस्त पाळावी लागते.

प्रश्न : माझ्या वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. गाठीत ईजीएफआरचा बदल सापडल्याने त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि चौदा महिने त्यांची तब्येत उत्तम होती. आता सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते. डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी करण्याआधी रक्ताची जनुकीय तपासणी सांगितली. तिचा अहवाल 'उत्परिवर्तन आढळले नाही' असा आला आहे. याचा अर्थ आजार कमी झाला असा घ्यावा का? (एक वाचक, सातारा)

नाही, तसा अर्थ घेऊ नये. आपल्या मनाला दिलासा हवा आहे हे मी समजू शकते, परंतु स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसत असताना हा अहवाल 'आजार नाही' असे सांगत नाही. 'या नमुन्यात मला काही सापडले नाही' एवढेच तो सांगतो.

आपल्या वडिलांची तपासणी बहुधा पेशींची नसून प्लाझ्मातील मोकळ्या डीएनएची असावी. पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे लहान लहान तुकडे रक्तात पडतात. निरोगी माणसाच्या रक्तातही ते असतात, आणि मांडेल व मेटाइस या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच त्यांची नोंद केली होती. गाठीच्या मरणाऱ्या पेशींचे तुकडे त्याच प्रवाहात मिसळतात, आणि काही मिनिटांपासून दोन-अडीच तासांत त्यांच्यातील निम्मे नाहीसे होतात. त्यामुळे रक्ताचा नमुना म्हणजे त्या दिवसाची ताजी स्थिती असते, हा या तपासणीचा मोठा गुण आहे.

आता हिशेब पाहू. १० मिलीलीटर रक्तातून ४ ते ५ मिलीलीटर प्लाझ्मा मिळतो. दर मिलीलीटरमागे ५ नॅनोग्रॅम डीएनए धरला तर हाती येतात सुमारे २५ नॅनोग्रॅम, म्हणजे एखाद्या जनुकाच्या साधारण साडेसात हजार प्रती. गाठीचा वाटा त्यांत दहा हजारांत एक इतकाच असेल, तर त्या नळीत सरासरीने उत्परिवर्तनाची एक प्रतही उतरलेली नसते. यंत्र कितीही तल्लख असले तरी नळीत नसलेली गोष्ट ते दाखवू शकत नाही. काही गाठी डीएनए कमी सोडतात, आणि आजार मुख्यतः मेंदूत असेल तर रक्तात फारच थोडे उतरते. टी७९०एमच्या बाबतीत अनुभव असा आहे, की ज्यांच्या गाठीत ते असते अशा दर दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांत ते प्लाझ्माच्या तपासणीतून सुटते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये 'कोबास' ही ईजीएफआरची पहिली रक्त-तपासणी मान्य केली, तेव्हाच प्लाझ्मात काही न सापडल्यास गाठीचा तुकडा तपासावा, अशी सूचना तिला जोडलेली होती.

वडील आजवर कोणती गोळी घेत होते, हे आपण लिहिलेले नाही, आणि पुढचा विचार त्यावर अवलंबून आहे. जेफिटिनिब किंवा अर्लोटिनिब असेल तर सुमारे निम्म्या रुग्णांत गोळी निकामी होण्यामागे टी७९०एम असते आणि तेथे ओसिमेर्टिनिब ही दुसरी गोळी उपयोगी पडते. सुरुवातीपासून ओसिमेर्टिनिबच चालू असेल तर टी७९०एमचा शोध घेण्यात अर्थ नाही. तेथे सी७९७एस हा बदल, एमईटी जनुकाच्या वाढलेल्या प्रती आणि अशी इतर कारणे पाहावी लागतात. आणि एक शक्यता अशी आहे, जिच्यासाठी रक्तातील डीएनएवर भरवसा ठेवता येत नाही : थोड्या रुग्णांत गाठ आपला प्रकारच बदलते आणि 'स्मॉल सेल' प्रकारची होते. तिचे औषधोपचार पूर्ण वेगळे असतात आणि तिची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहूनच पटते. त्यामुळे डॉक्टरांनी आता पुन्हा बायोप्सी सुचवली तर ती टाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. रक्तात उत्परिवर्तन सापडले असते तर सुईचा एक त्रास वाचला असता. ते सापडले नाही, म्हणून तो त्रास आता घेणे भाग आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर होते. तेथे 'एका रक्त-तपासणीत अनेक कॅन्सर लवकर कळतात' अशी माहिती देण्यात आली. आम्हा दोघांची वये पन्नाशीच्या आसपास असून काहीही त्रास नाही. ही तपासणी करून घ्यावी का? (एक दाम्पत्य, नाशिक)

सातारच्या वाचकांच्या वडिलांची तपासणी आणि ही तपासणी, दोन्हींत रक्तच घेतात. पण प्रश्न अगदी वेगळा असतो. तेथे गाठ माहीत होती, उत्परिवर्तन माहीत होते, आणि उत्तरावरून औषध ठरणार होते. येथे काहीच माहीत नाही. तपासणीची किंमत तिच्या आधी आपल्याला काय ठाऊक आहे यावर ठरते, हे या सदरातील सर्वच उत्तरांमागचे माझे मत आहे, आणि येथे ते आकड्यांतच दाखवता येते.

समजा, काहीही त्रास नसलेल्या १०,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांच्यापैकी ५० जणांना न कळलेला कर्करोग आहे. तपासणी निरोगी माणसाला १०० पैकी ९९ वेळा बरोबर निरोगी सांगते आणि लहान गाठींपैकी निम्म्या पकडते, असे धरू. मग २५ जणांचा आजार कळेल, २५ जणांना खोटा दिलासा मिळेल, आणि सुमारे १०० निरोगी माणसे स्कॅन, एंडोस्कोपी आणि बायोप्सीच्या फेऱ्यांत अडकतील. हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, कोणत्याही एका तपासणीचे नाहीत. परंतु कोणतीही तपासणी विकत घेण्याआधी हाच हिशेब तिच्या खऱ्या आकड्यांनिशी मागावा. शिवाय आजार लवकर कळल्याने मृत्यू कमी होतात का, हे वेगळे सिद्ध करावे लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 'गॅलेरी' या रक्त-तपासणीसाठी २०२१ पासून सुमारे १,४०,००० लोकांना सामील करून चाचणी हाती घेतली, ती अशाच प्रश्नांसाठी.

आपण नाशिकचे आहात म्हणून हेही लिहिते. तेथील दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या, रक्तातील पेशींवर आधारित स्तनकर्करोग-तपासणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' हा दर्जा दिला. आपल्या गावातील कामाची अशी दखल घेतली गेली याचा आनंद वाटावा, हे योग्यच आहे. मात्र या दर्जाचा अर्थ त्या उपकरणाचे परीक्षण प्राधान्याने केले जाईल असा असतो. ती विक्रीची मान्यता नसते. शिबिरातील फलकावर हा भेद क्वचितच लिहिलेला दिसतो.

आपण आज करू शकता अशा गोष्टींना मात्र भक्कम आधार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे आजार सुरुवातीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट लहान होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निर्विवाद ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच संस्थेच्या अभ्यासात व्हिनेगर लावून केलेल्या गर्भाशयमुखाच्या साध्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हा वहिनींनी या दोन तपासण्या करून घ्याव्यात, आपण दोघांनी तोंडाची तपासणी करून घ्यावी, आणि तंबाखू असेल तर ती आजच सोडावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. रक्ताच्या अहवालात केआरएएससोबत डीएनएमटी३ए या जनुकातही उत्परिवर्तन लिहिले आहे. इंटरनेटवर ते रक्ताच्या कर्करोगात असते असे वाचले आणि घरात सगळे घाबरले आहेत. त्यांना दुसरा कर्करोग आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

आपली भीती दूर करता येईल असे मला वाटते. प्लाझ्मातील मोकळ्या डीएनएचा सर्वांत मोठा वाटा गाठीचा नसून रक्तपेशींचाच असतो. वय वाढते तसे अस्थिमज्जेतील एखादी मूळ पेशी उत्परिवर्तन घेऊन इतरांपेक्षा थोडी अधिक वाढते आणि तिच्यापासून झालेल्या पांढऱ्या पेशी रक्तात फिरू लागतात. सत्तरीपुढील साधारण दर दहांपैकी एकात हे आढळते, आणि त्यात डीएनएमटी३ए, टीईटी२ व एएसएक्सएल१ ही जनुके सर्वांत पुढे असतात. यांतील बहुसंख्य लोकांना रक्ताचा कर्करोग कधीच होत नाही. सासूबाईंचा डीएनएमटी३ए बदल बहुधा या प्रकारचा आहे, आणि केआरएएसचा बदल आतड्याच्या गाठीचा. केआरएएसचा हा बदल उपचारांच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण तो असताना सेटुक्सिमॅबसारखी औषधे चालत नाहीत.

'बहुधा' हा शब्द काढून टाकण्याचा मार्ग सोपा आहे : त्याच नळीतील पांढऱ्या पेशींचा डीएनए वेगळा वाचायचा. बदल तेथेही दिसला तर तो गाठीचा नाही. प्रयोगशाळेने हे केले होते का, एवढे विचारून घ्या. सोबत साधी रक्तगणनाही दाखवा. जनुकांची लांबलचक यादी रुग्णाच्या हाती देताना कोणता बदल कुठून आला असावा, याची एक ओळ आम्ही प्रयोगशाळेच्या लोकांनी लिहिलीच पाहिजे. ती न लिहिल्याने घराघरांत किती घबराट होते, ते आपल्या पत्रावरून पुन्हा जाणवले.

प्रश्न : पेशी रक्तात फिरतात हे कळल्यावर दर महिन्याला त्यांची मोजणी करून उपचार का बदलत नाहीत? (एक वाचक, नागपूर)

कारण ते करून पाहिले गेले आहे. पसरलेल्या स्तनकर्करोगात केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही पेशींची संख्या चढी राहिलेल्या स्त्रियांना लगेच दुसरी केमोथेरपी द्यायची, अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष आला : औषध लवकर बदलल्याने आयुष्य वाढले नाही. आकडा खरे सांगत होता, पण बदलून द्यायला अधिक चांगले औषध त्या वेळी हाती नव्हते.

जेथे उत्तरावरून काही ठरते तेथे चित्र वेगळे दिसते. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगाच्या ४५५ रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए उरला आहे का हे पाहून केमोथेरपी द्यायची की नाही ते ठरवले. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के रुग्णांना केमोथेरपी मिळाली, रक्त पाहून ठरवलेल्या गटात १५ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे, ९२ ते ९४ टक्के राहिले. कितीतरी लोकांचा केमोथेरपीचा त्रास वाचला.

प्रश्न : आमच्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात, गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. मग रक्तावरच भागवणे चांगले नव्हे का? (एक वाचक, सोलापूर)

या समजुतीमुळे उशीर झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. पेशी रक्तात उतरतात त्या गाठीच्या स्वतःच्या वाढीमुळे, सुई लागण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांतील बहुसंख्य पेशी तासा-दोन तासांत नष्ट होतात. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचे प्रकार घडतात, पण ते दुर्मीळ आहेत, आणि वृषणाच्या गाठीसारख्या जेथे ती जोखीम मानली जाते तेथे डॉक्टर तशी सुई लावतच नाहीत. पहिले निदान मात्र गाठीच्या तुकड्यावरच झाले पाहिजे, कारण रक्तात पुढे कोणती जन्मखूण शोधायची हे त्या तुकड्यावरूनच कळते.

प्रश्न : या तपासणीसाठी उपाशीपोटी जावे लागते का? रक्त सकाळीच द्यावे का? (एक वाचक, पणजी)

उपाशी राहण्याची सहसा गरज नसते. वेळेविषयीचा आपला प्रश्न मात्र मनोवेधक आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी स्तनकर्करोगाच्या ३० स्त्रियांचे रक्त पहाटे ४ वाजता आणि सकाळी १० वाजता घेऊन पाहिले, तेव्हा सापडलेल्या पेशींपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पहाटेच्या, झोपेतल्या नमुन्यात होत्या. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले; नेहमीच्या तपासणीची वेळ त्यामुळे अजून बदललेली नाही.

वेळेपेक्षा नळीकडे लक्ष द्या. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए नळीत रक्त काही तासांहून अधिक राहिले तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो आणि गाठीचा आधीच तुटपुंजा असलेला वाटा आणखी पातळ होतो. नमुना पणजीहून मुंबईला जायचा असेल, तर पेशी न फुटू देणारी खास नळी वापरली आहे ना, हे रक्त देण्याआधी विचारा, आणि ती नळी फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवायची की बाहेर, हे तिच्यासोबतच्या सूचनेवरून तपासून घ्या.